हॅम्बुर्गच्या पुलावर

मंगल आटपाडीहून हॅम्बुर्गला लेकाकडं आली, त्याला पंधरवडा झाला होता. रविवारी विश्वजीत म्हणाला, "आई, आज जुनं बंदर चालत बघू. सोबत गाइड असती." मंगलला बरं वाटलं. कामाच्या गडबडीतून लेकानं आपल्यासाठी दिवस काढला, असं तिच्या मनात आलं.

पंधरा-वीस जणांचा घोळका होता. पुढं लाल छत्री उंच धरून पिकल्या केसांची एक बाई. दोन्ही बाजूंना विटांची उंच गोदामं, मधून कालवे. इथं कॉफी, मसाले, गालिचे साठवायचे, असं बाई जर्मनमध्ये सांगायची आणि विश्वजीत मराठीत. एका गोदामाशी मंगलनं भिंतीला हात लावून पाहिला. वीट गार होती.

पुढच्या पुलावर बाई थांबली. या बंदरातून लाखो माणसं बोटीत बसून अमेरिकेला गेली, बहुतेक परत आलीच नाहीत. एवढं सांगून विश्वजीत त्याच सुरात पुढं म्हणाला, "आई, मीबी इथला नागरिक झालो. मार्चमध्येच. भारताचा पासपोर्ट परत केला."

मंगलला आधी वाटलं, हेही बाईच सांगतेय.

"कुणी केला?"

"मी."

"तात्यास्नी ठावं हाय?"

"न्हाई. तूच सांग गेल्यावर. तुझं ऐकत्यात ते."

तात्या म्हणजे तिचे मालक, आप्पासो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फौजेत काढली होती. आता डाळिंबाच्या बागेत भेटेल त्याला सांगायचे, पोरगं परत येतंय. दिवाळीला विश्वजीतनंच तसं फोनवर सांगितलं होतं. त्या भरवशावर त्यांनी मळ्यातल्या घरावर वरचा मजला चढवायला काढला होता.

"दिवाळीत बोललास, तवा अर्ज केला हुतास?"

"केला होता."

"आन् आज हितं सांगतोयस. घरात का न्हाई?"

विश्वजीत पाण्याकडं बघत राहिला. "घरात तू ओरडली असतीस."

"चारचौघांत मी गप बशीन, व्हय रं?"

तिचा आवाज चढला. घोळक्यातली माणसं वळून बघू लागली. छत्रीवाली बाई जवळ येऊन काहीतरी म्हणाली. विश्वजीतनं हसून उत्तर दिलं.

"काय सांगितलंस तिला?"

"उन्हानं तुला चक्कर आली म्हणून."

"आजूनबी खोटंच. फोन लाव त्यास्नी. आत्ता, माझ्यासमोर."

"आई, लोक बघत्यात."

"बगू देत. लाव."

त्यानं लावला. पडद्यावर आप्पासो दिसले, तोंडावरचा औषध फवारणीचा रुमाल खाली ओढत. विश्वजीतनं अडखळत सगळं सांगितलं.

"खोटं का बोललास दिवाळीला?" त्यांनी विचारलं.

विश्वजीतनं मंगलकडं पाहिलं.

"आईला दे."

मंगलनं फोन घेतला. "मी तिकीट अलीकडं करून येते," ती म्हणाली.

"ये. गवंड्याला उद्या नगं म्हणून सांगतो."

तिनं फोन लेकाच्या हातात ठेवला. घोळका पुढं निघाला होता. विश्वजीत हळूच म्हणाला, "आई, घरी जाऊया का?"

"तू जा," मंगल म्हणाली आणि पदर खोचून छत्रीवाल्या बाईच्या मागं चालू लागली.