बंद घरांतली माणसं

बेटावरच्या त्या गावात माणसांपेक्षा कुलपं जास्त झाली होती, आणि सगळ्या कुलपांच्या किल्ल्या आत्याच्या कमरेला होत्या. सगळं गावच तिला आत्या म्हणायचं. कोणी मुलांच्या शाळेसाठी, कोणी कामासाठी, कोणी म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यासाठी पलीकडच्या शहरात निघून जायचं, आणि जाताना धक्क्यावर तिच्या हातात किल्ली ठेवायचं. "आत्या, अधूनमधून दारं-खिडक्या उघडत जा. दमट हवा घर खाऊन टाकते."

आत्याला ते काम आवडायचं. दुपारचं जेवण उरकलं की ती केरसुणी घेऊन निघायची. गाद्या उन्हात टाकायच्या, कोळिष्टकं काढायची, भिंतीवरची बुरशी पुसायची. घरी येऊन भाच्याला सांगायची, "आज सुताराकडे जाऊन आले," जणू सुतारानं तिला बसवून चहाच पाजला होता.

भाचा आणि त्याची बायको तिच्याजवळच राहायचे. भाऊ-भावजय लवकर गेले, तेव्हापासून आत्यानंच त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पूर्वी त्याला घास गिळायला सवड नसायची. आता होड्याच उरल्या नव्हत्या, तेव्हा तो दिवसभर एकच इंजिन खोलायचा आणि परत जोडायचा. त्यात सूनबाईला दिवस गेलेले. गावची नर्स बदली होऊन गेली ती गेलीच, तिच्या जागी कोणी आलं नाही.

काहीतरी विपरीत आहे हे आत्याला पहिल्यांदा जाणवलं ते सुताराच्या घरी. कुलूप काढून तिनं आत पाऊल टाकलं तर पायाला ओलं लागलं. मोरीतून नुकतंच कोणी पाय धुऊन आल्यासारखी पावलं खोलीभर उमटली होती. दोरीवरचा पंचा पिळला असता तर पाणी निघालं असतं. शेगडीला हात लावला तर कोमट. खिडक्या मात्र सगळ्या आतून बंद.

टवाळ पोरांचं काम असणार, असं तिनं येताना दुकानदाराला बोलून दाखवलं.

"टवाळ पोरं?" दुकानदार म्हणाला. "आत्या, एक जरी उरलं असतं तरी माझ्या गोळ्यांच्या बरण्या अशा गच्च भरलेल्या दिसल्या असत्या का?"

मग शिंप्याचं घर. दाराशी पोहोचली तर आतून मशीन चालल्याचा आवाज. थोडं चालायचं, कापड वळवायला थांबावं तसं थांबायचं, पुन्हा चालायचं. आत्यानं कुलूप काढलं तसा आवाज बंद झाला. खोलीत कोणी नव्हतं, पण मशीनचं चाक अजून हळूहळू फिरत होतं. ते पूर्ण थांबेपर्यंत ती उंबऱ्यावरच उभी राहिली, आणि केर न काढताच कुलूप लावून निघाली.

फोन लागायचा तो फक्त धक्क्यावर. तिथे जाऊन तिनं शिंप्याला फोन केला. तो आता शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात होता.

"बरा आहेस ना रे?"

"बराच म्हणायचं. पगार वेळेवर मिळतो, पोरं शाळेत जातात. पण आत्या, माझे पाय माझे राहिले नाहीत. मशीनवर बसलो की वाटतं, पाय दुसऱ्याच कुठल्या कामाला गेलेत. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही." मग त्यानं विचारलं, "तिकडे माझ्या मशीनला कोणी हात लावत नाही ना?"

"कोण लावणार?" आत्या म्हणाली.

त्यानंतर ती प्रत्येक दाराशी आधी खाकरायची. आतली हालचाल थांबली की मगच कुलूप काढायची. कधी चहाचा वास यायचा, कधी चादरीवर कोणी नुकतंच उठल्याचा खळगा असायचा. मेलेल्यांची भीती वाटली तर काय करायचं हे म्हाताऱ्याकोताऱ्यांनी सांगून ठेवलेलं असतं. पण ही माणसं मेलेली नव्हती. पलीकडे खात-पीत, नोकऱ्या करत होती. त्यांचं काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा भाचा म्हणाला, "आत्या, उन्हात फिरू नकोस फार."

भाचा बाहेर गेल्यावर सूनबाई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "मलाही ऐकू येतं. सुताराची बायको विहिरीवर हसते, अगदी पहिल्यासारखी. आत्या, मला इथे बाळंत व्हायचं नाही."

भाच्याला शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. त्यानं आत्याची परोपरीनं विनवणी केली.

"माझं काय आहे तिथे?" आत्या म्हणाली. "आणि किल्ल्या कोणाकडे देऊ? दुकानदाराकडे? तो स्वतःच्याच दुकानाची हरवतो."

ते दोघं गेले. धक्क्यावरून परतताना आत्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घराची भीती वाटली. दुसऱ्या दुपारी मागच्या खोलीतून पाना आपटल्याचा आवाज आला. मग बांगड्या वाजल्या. आत्या भिंतीला टेकून ऐकत बसली. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. मागच्या खोलीचं दार ती उघडायची नाही. उघडलं तर सगळं थांबलं असतं. दाराबाहेरूनच म्हणायची, "आज वारा फार आहे, खिडकी लावून घ्या रे."

पुढे एकदा ती धक्क्यावर गेली असताना मुलगी झाल्याचा फोन आला. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. आत्यानं दुकानदाराचं तोंड गोड केलं, त्याच्याच बरणीतल्या गोळीनं.

काही आठवड्यांनी धक्क्यावरच सूनबाईचा फोन आला, तो वेगळाच.

"आत्या, ही रडत नाही."

"गुणी आहे मग."

"नाही हो. भूक लागली तरी नाही, सुई टोचली तरी नाही. तोंड उघडते, रडल्यासारखं करते, पण आवाजच नाही. डॉक्टर म्हणतात, घसा चांगला आहे. आणि बघते अशी, की आत कोणी राहतच नाही."

आणि इकडे आत्याच्या घरात रोज दुपारी एक तान्हं रडत होतं. मागच्या खोलीत. दोघं त्याला उगी उगी करत होते आणि ते उगी राहत नव्हतं. आत्या इतके दिवस कानावर हात ठेवून बसली होती. पोर इथेच पोटात वाढली होती. दोघांचं जे मागे राहिलं, त्यात तिचंही राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती न खाकरता मागच्या खोलीत शिरली. आवाज थांबला नाही. पलंगावर कोणी नव्हतं. चादरीत मात्र एक लहानसा खळगा होता, आणि तो हलत होता. आत्यानं दोन्ही हात त्याखाली घातले. वजन लागलं. ऊबही. ती उठायला गेली तर पदर मागे ओढला गेला, आणि अगदी कानाशी बांगड्या वाजल्या.

"सोड ग," आत्या म्हणाली. "तुझीच आहे. तुझ्याकडेच नेते."

बराच वेळ पदर तसाच ताठ राहिला. मग सैल पडला.

जाताना तिनं किल्ल्यांचा जुडगा दुकानदाराच्या गल्ल्यावर ठेवला. लाँचवाल्यानं तिला चढवायला हात पुढे केला.

"नको," आत्या म्हणाली, "झोपलीय."

लाँचवाल्यानं तिच्या रिकाम्या ओंजळीकडे पाहिलं, मग तोंडाकडे. लाँच मात्र सगळ्या खाडीभर हळू चालवली.

शहरातली ती खोली अरुंद होती, जिना काळोखा. सूनबाईनं दार उघडलं तेव्हा मुलगी तिच्या खांद्यावर होती, चिंधीच्या बाहुलीसारखी. आत्यानं आपले हात मुलीच्या पाठीशी नेऊन टेकवले. हात हलके झाले. मुलीनं एवढा मोठा श्वास घेतला की छाती वर आली, आणि अशी काही टाहो फोडून रडली की खालच्या मजल्यावरचे लोक वर धावत आले.

शेजारी गेल्यावर सूनबाईनं विचारलं, "आत्या, आम्हीपण आहोत का हो तिथे?"

"आहात."

"मग आम्हाला का नाही आणलंत?"

आत्या मुलीच्या कपाळावरचं जावळ सारखं करत राहिली. "मोठी माणसं उचलवत नाहीत ग माझ्याच्यानं," ती म्हणाली.

सूनबाईनं मान हलवली आणि ती भांडी घासायला गेली. मुलगी रडत होती, आणि तिला गप्प करायची घाई कोणालाच नव्हती.