सहा चित्रांपुरती नजर

टायरच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर सात माणसं दिवसभर मान खाली घालून बसायची आणि चालत्याबोलत्या माणसांची चित्रं करायची. पद्धत सरळ होती. आधी खरी माणसं घेऊन कॅमेऱ्यावर प्रसंग टिपायचा, मग त्यातली एकेक फ्रेम काचेच्या पाटीवर घ्यायची आणि तिच्यावरून पेनाने रेषा ओढायची. एका सेकंदाला बारा चित्रं. या सातांत जो सगळ्यांत जुना होता त्याला सगळे खोडरबर म्हणत, कारण तो एक रेषा काढायचा आणि तीनदा पुसायचा. पण चेहरे आणि हात त्याच्यासारखे कुणालाच जमत नसत, त्यामुळे त्या नावात चेष्टेपेक्षा मानच जास्त होता.

त्या वर्षी काम चाललं होतं ते एका बाईच्या गोष्टीवर. ही बाई रोज सकाळी उठते, पण आपण खरंच उठलो आहोत याची तिला खात्री वाटत नाही. मग ती भेटेल त्याला विचारत सुटते, की तुम्ही जागे आहात हे तुम्हाला कशावरून कळतं? तिला उत्तरं देणारी माणसं नट नव्हती, आपापल्या धंद्यातलीच होती. एक भूल देणारे डॉक्टर, एक अंध संगीतशिक्षिका, आणि कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे एक मास्तर. दोन प्रसंग टिपून झाले आणि बाईचं काम करणारी नटी जिन्यावरून पडून पाय मोडून बसली. दिग्दर्शिका हवालदिल झाली. ती खोडरबरपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, त्याला दादा म्हणायची. चष्मा आणायला म्हणून ती एका दुकानात गेली आणि तिथे डोळे तपासणारी बाई तिच्या डोळ्यांत भरली. ती निघाली खोडरबरची बायको. चेहरा चित्रातच काढायचा असल्याने आधीच्या दोन प्रसंगांतही तिचाच बसवता येणार होता.

बायको नाहीच म्हणत होती. आपल्याला कुठलं येतंय, लोक हसतील, असं तिचं चाललं होतं. खोडरबरनेच तिला तयार केलं. चार दिवस मागे लागला, रजेचा अर्ज लिहून दिला, कुठला कुर्ता घालायचा तेही सांगितलं. कचेरीत सगळे 'वहिनी, वहिनी' करू लागले तेव्हा त्याची छाती फुगली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते त्याला कळायला अजून वेळ होता.

मास्तरांबरोबरचा प्रसंग बागेतल्या बाकावर दोन दुपारी टिपला गेला. खोडरबर त्या वेळी कचेरीत आधीच्या प्रसंगात अडकला होता. घरी आल्यावर त्याने कसं झालं विचारलं. बरं झालं, ती म्हणाली, मास्तर फार बोलतात पण चांगलं बोलतात. एवढं सांगून ती कपडे वाळत घालायला गेली.

प्रसंग चार मिनिटं वीस सेकंदांचा होता. म्हणजे तीन हजार एकशेवीस चित्रं. एवढं काम दोघांत वाटून देतात, पण त्याने ते सगळं मागून घेतलं. आपल्या बायकोचा चेहरा दुसऱ्या कुणी का काढावा?

पहिले सहा-सात आठवडे मजेत गेले. रोज पंचेचाळीस चित्रं व्हायची. कानाला हेडफोन लावून तो त्या दोघांचं बोलणं तुकड्या-तुकड्याने ऐकायचा. मास्तर पन्नाशीचे, हडकुळे, अघळपघळ बसणारे. ते म्हणत, "स्वप्नातला वाघ खोटा असतो. पण त्याला बघून फुटलेला घाम खरा असतो, उठल्यावर उशी ओली लागते. मग खोट्यातून खरं आलं कसं? तुम्हाला काय वाटतं?" मास्तर वाट बघत बसले होते. मग बायकोचा आवाज यायचा, "वाघ खोटा हे उठल्यावर कळतं. ज्याला उठताच आलं नाही, त्याला तो खाणारच." त्यावर मास्तर म्हणत, हे मला कधी सुचलं नव्हतं.

आणि इथे, एक हजार आठशे सेहेचाळिसाव्या चित्रात, खोडरबरचा पेन थांबला.

बायकोने मान वर केली होती. ती मास्तरांकडे बघत होती. खालचा ओठ किंचित आत ओढलेला, डोळ्यांच्या कडा वर गेलेल्या, आणि बाकावरचा उजवा हात मांडीपासून सुटून दोन बोटं मास्तरांच्या बाजूला सरकलेला. पुढच्या चित्रात हसू जरा वाढलं होतं. त्याच्या पुढच्यात आणखी. अठराशे एकावन्नाव्या चित्रानंतर ते मावळलं होतं आणि ती झाडाकडे बघत होती. अशी सहा चित्रं, म्हणजे अर्धा सेकंद. प्रसंग नेहमीच्या वेगाने लावला तर पापणी लवायच्या आत ते निघून जायचं. त्याने तो लावून बघितला. मग थांबवून बघितला. मग पुन्हा लावला.

चौदा वर्षं तो या चेहऱ्याबरोबर राहत होता. त्याला वाटायचं, त्यातली रेघ न् रेघ आपल्याला पाठ आहे. ही नजर त्याने कधी पाहिली नव्हती. किंवा पाहिली असेल तर फार पूर्वी, आणि तेव्हा ती त्याच्याकडे वळलेली होती हे त्याला छातीवर हात ठेवून सांगता येईना.

त्या दिवशी त्याची तीनच चित्रं झाली.

मग त्याच्या मनाने जो खेळ सुरू केला त्याला अंत नव्हता. घरी तो बायकोवर पाळत ठेवू लागला. तिला हसवायला तो विनोद करायचा आणि ती हसली की ओठाकडे बघायचा. ओठ आत जायचा नाही. फोनवर ती बहिणीशी खिदळली तरी त्याच्या मनात पाल चुकचुकायची. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, की मास्तर आज दुकानात आले होते, नवा नंबर काढून गेले. ती मुद्दाम सांगतेय, त्याने ठरवलं, म्हणजे आपल्याला संशय येऊ नये. दुसऱ्या क्षणी त्याला हेही कळलं, की तिने सांगितलं नसतं तर का लपवलं म्हणून आपण जळलो असतो. कळून उपयोग झाला नाही. काट्याचा नायटा व्हायचा तो झालाच.

मास्तरांचं वाक्यही त्याने आपल्या सोयीने फिरवून घेतलं. वाघ खोटा असेल, पण मला घाम फुटतोय तो खरा आहे. आणि धुराखाली कुठेतरी विस्तव असणारच.

एका शनिवारी दुपारी तो तिच्या दुकानात गेला. मास्तर तिथे असतील अशी त्याला भीती होती, आणि खरं सांगायचं तर आशाही होती. दुकानात एक म्हातारी चौकटी निवडत होती, बाकी कुणी नव्हतं. बायकोला आश्चर्य वाटलं. डोळे दुखतात म्हणून तपासून घ्यायला आलो, तो म्हणाला. तिने त्याला आतल्या लहानशा अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवलं, नाकावर जड गोल चौकट चढवली आणि समोर येऊन बसली. तिचा चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता. एकेक भिंग सरकवत ती विचारत होती, हे बरं की आधीचं? आता? आणि आता? आवाज मऊ होता, पण तो कुठल्याही गिऱ्हाइकासाठी तसाच मऊ असणार. मास्तर याच खुर्चीवर बसले असतील, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. समोरची अक्षरं तो काहीबाही वाचत राहिला.

"तुझं लक्ष कुठंय?" तिने विचारलं.

त्याच वेळी बोलून टाकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तो म्हणाला, कुठे नाही, दमलोय. तिने नंबर कागदावर लिहून दिला आणि संध्याकाळी येताना दूध आणायला सांगितलं.

सोमवारी कचेरीत आल्याबरोबर त्याने ती सहा चित्रं पुन्हा काढली. फ्रेममध्ये होती तशी नव्हे. ओठ सरळ केला, पापण्या खाली ओढल्या, हात उचलून मांडीवर ठेवला. नुसती सहा बदलून भागेना, चेहरा मध्येच दचकल्यासारखा वाटू लागला. मग आधीची सतरा आणि नंतरची सतरा अशी आणखी चौतीस चित्रं बदलली. आठवडाभर तो ते करत होता. इतकं सफाईदार काम त्याच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं. दिग्दर्शिकेने तुकडा तपासला, छान म्हणाली आणि पुढे गेली. तीन हजारांतली चाळीस चित्रं कुणाच्या ध्यानात येणार?

त्याला वाटलं होतं, आता तरी जीव थंडावेल. पण पुसून टाकलेली ती नजर त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. पाटीवर होती तेव्हा निदान कुठे आहे ते माहीत होतं.

चित्रपट पुरा झाल्यावर एका रविवारी सकाळी काम केलेल्या सगळ्यांना तो दाखवला. लहानसं सभागृह, साठेक खुर्च्या. मास्तर दोन रांगा पुढे बसले होते. त्यांनी वळून नमस्कार केला, बायकोनेही केला. खोडरबरने तो नमस्कार बारकाईने पाहिला, त्यात काहीच नव्हतं. बाकाचा प्रसंग आला. पडद्यावरची बायको म्हणाली, त्याला तो खाणारच. मास्तर म्हणाले, हे मला कधी सुचलं नव्हतं. आणि ती डोळे खाली घालून बसून राहिली, जणू तिने ऐकलंच नाही. शेजारी बसलेली खरी बायको खुर्चीत जराशी पुढे झाली. मग मागे टेकली. पुढचा सगळा वेळ तिने पडद्यावरून नजर काढली नाही.

दोघं चालत घरी निघाले. दोन चौक ओलांडल्यावर ती म्हणाली, "तिथे मी हसले होते. ते कुठं गेलं?"

त्याने प्रसंगाची गरज, दिग्दर्शिकेचं म्हणणं, असं काहीतरी सांगायला सुरुवात केली. ती म्हणाली, मॅडमना मी आत्ताच विचारून आले, त्यांना काही माहीत नाही. तो एका बंद दुकानाच्या पायरीपाशी थांबला. इतके महिने कोंडलेलं शेवटी बाहेर पडलं ते एवढंच.

"हसलीस कशाला?"

ती लगेच चिडली नाही. पायरीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि विचार करून बोलली. "दिवसभर मी लोकांना विचारते, हे बरं की ते. मला कुणी काही विचारत नाही. त्यांनी विचारलं, आणि मी बोलेपर्यंत ते थांबले. मी बोलले ते त्यांना पटलं. मला बरं वाटलं. त्या वेळेला ते मला आवडले."

"आवडले म्हणजे?"

"म्हणजे आवडले. खोटं कशाला सांगू? मग कॅमेरावाल्याने थांबवलं, मी घरी आले, आपण जेवलो."

साप साप म्हणून आपण उगाच भुई धोपटत होतो असं तिने म्हणावं, यासाठी तो झुरत होता. तसं ती म्हणाली नाही. साप होता, बोटभर होता, आणि केव्हाच निघून गेला होता.

"तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली. "जुनी माणसं विचारण्याला पुसणं म्हणायची. तू भलतंच पुसलंस. मला आयुष्यात एकदाच असं कुणीतरी टिपलं होतं आणि ते माझ्या नवऱ्याने खोडून टाकलं." तिचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच होता. मग ती उठली आणि चालू लागली. तो चार पावलं मागे राहून घरी आला.

दुसऱ्या दिवशी तो दिग्दर्शिकेकडे गेला आणि आपण काय केलं ते सांगितलं. का केलं तेही सांगितलं, कारण त्याशिवाय सांगता येईना. ती बराच वेळ पेन फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, "दादा, प्रत बाहेर जायला पाच दिवस आहेत." ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पाच दिवसांत त्याने चाळीस चित्रं मुळाबरहुकूम काढली. मधली सहा त्याने सगळ्यांत शेवटी घेतली. ओठाची ती वळलेली रेघ ओढताना पुसायचं बटण त्याच्या बोटाखालीच होतं. तरी त्याने ती पुसली नाही. जशी होती तशी, पहिल्या फटक्यात काढली. शुक्रवारी संध्याकाळी त्याने घरी सांगितलं, की झालं, जसं होतं तसं केलं. बायको म्हणाली, बरं. त्यानंतर दोन आठवडे त्यांचं बोलणं कामापुरतं चाललं. हळूहळू ती पूर्वीसारखी दिवसातल्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगू लागली, आणि तो ओठाकडे न बघता ऐकायला शिकू लागला. रोज जमायचं असं नाही.

चित्रपट लोकांपुढे आला त्यानंतरच्या सोमवारी घरी मास्तरांचा फोन आला. तो खोडरबरनेच उचलला. मास्तर खुशीत होते. चित्रं फार सुरेख झाली आहेत म्हणाले, माझे बूट तर हुबेहूब. खोडरबरला राहवलं नाही. त्याने विचारलं, बाकावर ती तुमच्याकडे बघून हसते, ते कसं वाटलं?

"हसते का?" मास्तर म्हणाले. "लक्षात नाही आलं हो. चित्रीकरणाच्या वेळी मी कबुतरांकडे बघत होतो बहुतेक. आणि थिएटरात, काय सांगू, माणूस स्वतःलाच बघतो."

त्याने फोन ठेवला. जिच्यावरून त्याचे इतके महिने जळून गेले होते, ती नजर ज्याच्यासाठी होती त्याला पोचलीच नव्हती. त्याला हसू आलं, आणि पाठोपाठ एक दुष्ट आनंदही झाला. बायको आतून विचारत होती, कोण होतं? सांगावं, त्याला वाटलं. सांगून टाकावं, की तुझ्या मास्तरांना काही आठवत नाही, ते कबुतरं बघत होते. शब्द ओठांवर आले.

"मास्तर होते," तो म्हणाला. "तुझं काम फार आवडलं म्हणाले."

ती हात पुसत दारात आली होती. तिचा चेहरा उजळला, अगदी क्षणभर. ते त्याला पुन्हा तसंच झोंबलं. पण या खेपेला त्याने मान वळवली नाही. तो तिच्याकडे बघत उभा राहिला. तिने विचारलं, आणखी काय म्हणाले? तो म्हणाला, माझे बूट हुबेहूब आलेत म्हणाले. आणि ती खळखळून हसली.