पुढे चाल

चौथा.

राजाभाऊंनी निवड यादीत बलकारचं नाव चौथ्या जागी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"फायनल जिंकलेला पोरगा चौथा?" श्रीपादने विचारलं.

"जिंकलेला नाही. पुढे चाल मिळालेला." राजाभाऊ मूळचे कोल्हापूरचे, चंदीगडला बदलीवर. बॉक्सिंगच्या निवड समितीचे प्रमुख झाले तरी डोक्यात कुस्तीच. "समोर कुणी उतरलंच नाही. आमच्याकडं अशाला फेटासुद्धा बांधत नाहीत."

सत्त्याऐंशी साल. फायनलच्या दिवशीच पंजाब बंद. पतियाळ्याचा नरेश पोचलाच नाही. पंच श्रीपाद, हवाई दलातला. घंटा. रिकामा कोपरा. बलकारचा हात वर.

दिल्लीच्या शिबिराला एकच जण जाणार. पहिला.

दुसरा.

"बरं, दुसरा घे. गेल्या वर्षी नरेशनं त्याला लोळवलंय. नरेश पहिला."

"नरेश आला नव्हता, राजाभाऊ."

"बस बंद! त्याची काय चूक?"

"बलकारच्या गावची बस चालू होती?"

चहा ठेवता ठेवता पद्मिनीवहिनी थांबल्या. "मग तो आला कसा?"

"चालत. मुल्लानपूरकडून. प्रत्येक नाक्यावर हात वर, पिशवी उपडी, ग्लोव्हजच्या आत बोटं घालून तपासणी. रिंगमध्ये चढला तेव्हा पायांत चिखलाने माखलेले बूट."

"म्हणजे हीच खरी पुढे चाल," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. "तुमचे पैलवान तर जीपमधून यायचे."

"तू आत जा."

"चहा नको का?"

फोन वाजला. दिल्लीचा ट्रंक कॉल लागला होता.

"हां जी, लिखिए. नंबर एक, नरेश..."

श्रीपादने फोनच्या खटक्यावर बोट दाबलं. आवाज गेला.

बलकारची जागा अजून रिकामी.

"वेड लागलंय का? पुन्हा लागायला संध्याकाळ होईल!"

"होऊ दे. बसतो."

"ऐक. दोघांची पुन्हा जोड लावू. फैसला होईल."

"नाही. जो आला, त्यानंच पुन्हा का सिद्ध करायचं? नरेशला हवं तर शिबिरानंतर आव्हान देऊ दे. दुसरा लिहिलात तर यादीवर पंच म्हणून माझी सही नाही."

राजाभाऊंनी टोपण काढलं. लावलं. चहा निवला, वहिनींनी तो उचलून नेला.

"दिल्लीत मार खाईल रे तो."

"खाऊ दे. रिंगमध्ये खाऊ दे. घरी बसवून नको."

खिडकीबाहेर अंधारायला लागलं तेव्हा कॉल लागला.

"हां जी, कट गया था. नरेश को काट दीजिए. एक पर बलकार. ब... बलकार. नहीं जी, वॉकओव्हर मत लिखिए. चॅम्पियन लिखिए."