बारा सील

कारखान्याच्या खरेदीसाहेबांनी तिला अठरा महिने नाचवलं होतं. आज हा रकाना वाढवा, उद्या तो काढा, परवा मोठ्या साहेबांना पुन्हा पहिल्यापासून दाखवा. कारखान्यांना मालपुरवठ्याचं सॉफ्टवेअर विकायचं म्हणजे नाकीनऊ येतात. पण एकदा का ते आत रुजलं, की दहा वर्षं त्याला कुणी हात लावत नाही आणि दरवर्षी घसघशीत पैसे येत राहतात. त्या पैशांच्या भरवशावर तिने आणि धाकट्या भावाने चांगल्या नोकऱ्या सोडल्या होत्या. आज गोदामात शेवटची मोजणी होती. ती चुकली, की गाशा गुंडाळायचा.

आणि ती चुकलीच. पंपाचे सील, म्हणजे गळती रोखणाऱ्या चकत्या, पडद्यावर बावन्न होत्या आणि मांडणीवर चाळीस.

"मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरला साधी बेरीज येत नाही?" खरेदीसाहेब सगळ्यांदेखत हसले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा सील कुठे आहेत हे तिला ठाऊक होतं. गोदाम सांभाळणाऱ्या काकांनीच तिला दाखवले होते. "नवे मागवायचे तर साहेबांची सही व्हायला तीन आठवडे लागतात, पोरी. मांडणीवर ठेवले तर जो येतो तो उचलून नेतो. मग पंप बंद पडला की मी काय लावू? कुणाला बोलू नकोस."

ती तरातरा कोपऱ्यात गेली आणि रंगाच्या रिकाम्या पिंपाचं झाकण तिने भिरकावलं. "मोजा! बाराच आहेत. माझं सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही!"

काकांनी खिशातून गोदामाची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. त्याच दिवशी त्यांची बदली फाटकावर झाली, आणि त्याच दिवशी करारावर सही झाली. पेढे किती घेऊ, असं विचारायला भावाने फोन केला, तेव्हा तिने त्याच्यावर उगाचच खेकसून घेतलं.

महिन्याभरात खरेदीसाहेबांचा फोन आला. "पंप बंद आहे, अख्खा कारखाना ठप्प झालाय, आणि तुमचा पडदा सील शून्य दाखवतोय!"

"मांडणीवर किती आहेत?"

"एकही नाही! त्या बारासकट सगळे लोकांनी उचलून नेले!"

"मग बरोबरच दाखवतोय. नव्या सीलची मागणी दोन आठवडे तुमच्या सहीसाठी पडून आहे. तेही तोच पडदा दाखवतोय," ती ओरडली आणि फोन आपटला. पण साहेबांवर कितीही ओरडलं तरी राग उतरेना, कारण तो साहेबांवर नव्हताच.

करार तिचाच होता, म्हणून कारखान्यात जावं लागलं. फाटकावर काका गाड्यांचे नंबर लिहून घेत होते. माफी मागायला तिने काच खाली केली.

काकांनी तिच्या गाडीचा नंबर नीट लिहिला, वही मिटली आणि अगदी मनापासून विचारलं, "आता आकडे जुळतात ना, पोरी?"