पाचाच्या खाली

"बाई, इथली शून्यं कुठं गेली?" साहेबांनी तक्ता उचलून डोळ्यांजवळ धरला. "अकरा वर्षांचा सरळ रकाना होता. शून्य, शून्य, शून्य. तिथं तुम्ही 'पाचापेक्षा कमी' लिहिलंय."

"तेच खरं आहे, साहेब."

"आज खरं झालं? शून्यं भरली कुणी होती?"

"मीच."

पाणी तपासायच्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे सरासरीबाई म्हणत. चहा देताना शिपाई विचारायचा, "बाई, साखर सरासरीएवढी की थोडी वर?" आणि ती मनापासून हसायची. रसायनवाले नमुने यंत्रात घालत, आकडे तिच्याकडे येत, ती ते तक्त्यात बसवून निष्कर्ष लिही. सव्वीस वर्षं हेच काम. हात जोडून देवापुढं बसावं तशी ती आकड्यांपुढं बसायची.

नाल्याकाठच्या वस्तीत धातूला मुलामा देणारा कारखाना होता, म्हणून तिथल्या हातपंपांचं पाणी दरवर्षी कॅडमियमसाठी, म्हणजे मूत्रपिंडं पोखरणाऱ्या एका धातूसाठी, तपासलं जाई. जुन्या यंत्राला लिटरमागं पाच मायक्रोग्रॅमच्या खालचं दिसतच नसे. ते नुसतं 'पाचापेक्षा कमी' असं छापायचं. पण असे शब्द रकान्यात घातले की संगणक बेरीज करायला नकार देई. पहिल्या साहेबांनी तिला शिकवलं होतं, "शून्य ठोका आणि मोकळ्या व्हा." तेव्हा दहापर्यंतचं पाणी चांगलं मानत, पाचाच्या खाली काय आहे याची कुणाला फिकीर? पुढं नियम बदलला, मर्यादा दहावरून तीनवर आली. यंत्र मात्र तेच राहिलं. आणि तिची शून्यंही.

यंदा नवं यंत्र आलं. वस्तीच्या पाण्यात सरासरी चार दशांश दोन कॅडमियम निघालं.

आता माणसाचा भाबडेपणा बघा. त्याच वस्तीत तिचा थोरला भाऊ राहायचा. काही बायका लांबच्या नळावरून पाणी आणू लागल्या, तेव्हा दादानं भर चौकात त्यांची थट्टा केली होती. "अगं, माझी बहीण तपासते हे पाणी! तिच्या कागदावर शून्य आहे, शून्य! उगीच कंबर कशाला मोडून घेता?" बायका परतल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी दादाची मूत्रपिंडं गेली. पाण्यानंच गेली असं कुठलाच डॉक्टर लिहून देत नव्हता, आणि पाण्यानं गेली नाहीत असंही.

"आज नगरपालिकेची समिती बसणार," ती साहेबांना म्हणाली. "बारा वर्षांची सरासरी तीनच्या वर असेल तरच वस्तीला नळ मिळणार, घरटी तपासणी होणार. शून्यं धरली तर सरासरी पस्तीस शतांशच येते. एकासुद्धा माणसाची लघवी तपासणार नाहीत हो."

"आणि ही तुमची तीन दशांश नऊ कुठून आली?"

"न दिसलेल्या मापांचा अंदाज बांधायची रीत आहे. यंदाच्या आकड्यांचा पसारा बघून, कारखाना तेवढाच चालत होता असं धरून. तीन दिवस बसून केलंय."

साहेब मवाळ झाले. माणूस वाईट नव्हता. "बाई, अब्रूनं निवृत्त व्हा ना. कशाला स्वतःच्या हातानं स्वतःला काळं फासता?"

ती तक्ता घेऊन समितीपुढं गेलीच. लांबलचक टेबल होतं, पाच माणसं बसली होती. अध्यक्षांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"म्हणजे हा अंदाज आहे. माप नाही."

"अंदाज आहे."

"पाचापेक्षा कमी म्हणजे चार असू शकतं. तसं शून्यही असू शकतं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. एक खोटं बोलली असती तर वस्तीला नळ आला असता कदाचित.

"असू शकतं."

"मग शून्यात चुकलं काय?"

"साहेब, आम्हाला दिसत नव्हतं. मी 'नाही' असं लिहिलं."

"अकरा वर्षं लिहिलंत. सहीसकट. तेव्हा खरं होतं की आज खरं आहे? आम्ही कुठल्या बाईंवर विश्वास ठेवायचा?"

नव्या यंत्रानं आणखी तीन वर्षं मोजायचं आणि मग बघायचं, असं ठरलं. पुढचा विषय रस्त्यावरच्या दिव्यांचा होता.

संध्याकाळी ती वस्तीत गेली. दादा खाटेवर उशीला टेकून बसला होता, पाय सुजून चकचकीत झालेले. तिनं उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं, रकान्यापासून दिव्यांपर्यंत. एक शब्द मऊ केला नाही.

वहिनी चुलीपाशी होती. ती वळली नाही. "वन्सं, धाकट्याला मी स्वतः बाटलीत भरून पाजलंय ते पाणी. हे म्हणायचे, आत्यानं तपासलंय." मग म्हणाली, "तीन वर्षं म्हणजे तो दहावीला जाईल."

"गप गं," दादा म्हणाला. "तिनं काय पाण्यात विष कालवलं?"

"मी कालवलं म्हणाले का? पण चौकातल्या बायकांना आता तुम्ही सांगा. माझ्यानं नाही व्हायचं."

दादानं पायावरचं पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाला, "मीच सांगतो. मीच परतवल्या होत्या."

तो उठायला लागला. तिनं हात पुढं केला. दादानं तो धरला, पण उठता येईना; पुन्हा बसला. दम लागला होता त्याला. तिचेही ओठ सुकलेले त्यानं पाहिले असावेत.

"छोटीला पाणी दे," तो सवयीनं बायकोला बोलून गेला; बहिणीला तो अजून छोटीच म्हणायचा.

वहिनीचा हात पंपाच्या पाण्यानं भरलेल्या माठावर गेला आणि तिथंच राहिला.

दादाच्या उशाशी दवाखान्यातून आणलेल्या पाण्याची लहान बाटली होती. डॉक्टरांनी त्याला दिवसाला तेवढंच पाणी सांगितलं होतं. रात्रीपर्यंत पुरवायचं म्हणून वहिनीनं बाहेरून रेघा मारून दिल्या होत्या. शेवटच्या दोन रेघा उरल्या होत्या. दादानं झाकण उघडलं, फुलपात्र जवळ ओढलं, आणि बाटलीतलं पाणी बरोबर एका रेघेनं खाली येईपर्यंत त्यात ओतलं.

"घे," तो म्हणाला. "हे चांगलं आहे."