दरडीनं गिळलेली लिंबं

"आईनं घेतलं! हटा रे, हटा!"

दरडीच्या माथ्यावरून महाराजांची आरोळी आली की खाणीतली शंभर-सव्वाशे माणसं टोपली-कुदळी टाकून बाहेर पळायची. लांब उभी राहून हात जोडायची. अर्ध्या तासात, कधी तासाभरात, दोन पुरुष उंच दरड धाडकन खाली बसायची. धूळ विरली की समोर मोकळ्या मुरमाचा ढीग दिसायचा, न खोदता मिळालेला. बाया तो मुरूम कपाळाला लावायच्या.

"दान देलं व मायनं!" शालूबाई म्हणायची आणि सगळ्यांत आधी टोपली भरायची.

मीही हात जोडायचो. हे आधीच सांगून टाकतो.

बहात्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. उंद्रीच्या पुढे एका रस्त्याचं काम निघालं होतं आणि त्याचा मुरूम आम्ही टेकडीतून काढत होतो. आम्ही सगळे शेतीतले. नांगर धरता येत होता, विहिरीतला गाळ काढता येत होता, पण खाणीचं काम कोणी केलेलं नव्हतं. टेकडी वरून खोदत यायला ताकद लागते. अर्धपोटी माणसाच्या अंगात ती नव्हती. म्हणून आम्ही दरडीच्या पायथ्याशी आडवं कोरत जायचो. खालचा आधार गेला की वरचं आपोआप पडायचं. याला आम्ही 'पोट काढणं' म्हणायचो. आम्हाला ती मोठी युक्ती वाटत होती.

पहिल्याच महिन्यात कचरूचा पाय दरडीखाली सापडून मोडला. दुसऱ्या दिवशी कोणी खाणीत उतरेना. तेव्हा मुकादम वामनराव कुठून तरी या महाराजांना घेऊन आले.

"हे टेकडी नाही बाप्पा, हे माय आहे," महाराज म्हणाले. "तुमी तिच्या पोटाले हात लावून राह्यले. न इचारता लावान तं आंग झटकनच ना! आता मी वरून इचारतो, तुमी खालून कोरा. झटकायच्या आंधी ते निंबू घेईन. निंबू घेतलं का मी आवाज देतो."

मग त्यांनी डोळे पांढरे करून मंत्र म्हटला. त्यात थोडी मराठी होती, थोडी हिंदी होती. मधेच "मलकापूर, नांदुरा, जलंब" असंही मी स्पष्ट ऐकलं. रेल्वेची स्टेशनं मंत्रात कशी, हा प्रश्न मला पडला होता. पण शेजारचे डोळे मिटून उभे होते, म्हणून मीही मिटले.

रोज सकाळी महाराज माथ्यावर कुंकू लावलेली लिंबं मांडायचे. वर सोवळं होतं, दुसऱ्या कोणी चढायचं नाही. आरोळी आली की दरड पडायचीच. एकदाही चुकली नाही. मग कोण शंका घेणार?

त्या बुधवारी आरोळी आली नाही.

माझी बायको मंजुळा दरडीच्या कोरलेल्या पोटात वाकून टोपली भरत होती. मी पुढे रस्त्यावर मुरूम पसरत होतो. आवाज ऐकून पळत आलो तेव्हा तिच्या जागी ढीग होता. आम्ही हातांनी उपसलं. ती सापडली तेव्हा उशीर झाला होता. तिच्याजवळच्या मातीत तीन लिंबं सापडली.

महाराजांनी ती लिंबं उचलून सगळ्यांना दाखवली. "तीन डाव बजावलं मायनं या बाईले! विटाळाची उतरली हे. आता हिच्या मालकानं माफी मागा, नाही तं सगळ्याईवर कोप होईन."

मी नारळ फोडला. शंभर माणसांसमोर नाक घासलं.

त्या दिवसापासून मंजुळाचं नाव निघालं की बाया तोंडाला पदर लावायच्या. "तिच्या पायी आपण मेलो असतो," असं बोलायच्या. बावीस वर्षांच्या संसारात जिने कोणाचं वाकडं केलं नाही, ती मरून साऱ्या कामाची गुन्हेगार झाली.

तेराव्यानंतर मी कामावर गेलो. टोपली उचलायला मंजुळाची जोडीदारीण होती सिंधूताई. ती माझ्याजवळ येऊन थांबली.

"सहदेवभाऊ, एक इचारू? राग नका मानू."

"इचार बाई."

"मंजुळाबाईले विटाळ कसा येईन? तिचं तं दोन सालापासून बंद होतं. मले ठाऊक. तुमाले नव्हतं?"

"होतं."

"मंग नारळ कायचा फोडला?"

मला ठाऊक होतं आणि तरीही मी गप्प राहिलो होतो.

"उद्या वर चला माह्यासंगं. तो मानूस वर काय करते ते पाहू."

"वर सोवळं आहे."

"हाव, म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी महाराज खाली चहा पीत असताना आम्ही मागच्या बाजूने चढलो. दरडीच्या कडेपासून तीन हातांवर, कडेला धरूनच, एक लांब भेग गेली होती. बोटभर रुंद. सगळी लिंबं त्या भेगेच्या तोंडावर बसवलेली. एकही लिंबू भेगेबाहेर नव्हतं.

सिंधूताईने पदराची गाठ सोडून कांदा काढला. लिंबाएवढाच होता. तो तिने लिंबाशेजारी भेगेवर बसवला.

"देवीले कांदा?" मी म्हणालो.

"देवी असन तं थुंकून देईन. भेग असन तं गिळीन."

भाकरी खाऊन आम्ही पुन्हा चढलो आणि बोरीच्या झुडपाआड बसलो. भेग मूठभर रुंद झाली होती. कांदा आत गेला होता आणि त्याच्या शेजारचं लिंबूही.

तेवढ्यात महाराज आले. भेगेत वाकून पाहिलं. मग कडेला जाऊन खाली पाहिलं. खालून वामनरावांनी हात हलवला, चालू द्या. महाराज मागे आले, झोळीतून एक मोठं नवं लिंबू काढलं, कुंकू लावलं आणि भेगेच्या तोंडात दाबून बसवलं. आरोळी दिली नाही.

मी उठून ओरडलो, "बाहेर निघा! दरड येऊन राह्यली!"

खालच्या माणसांनी वर पाहिलं आणि पुन्हा कुदळी उचलल्या. माझ्या आवाजाने कोण हलणार? माफी मागितलेला माणूस मी. त्यांना महाराजांची आरोळी हवी होती.

सिंधूताईने महाराजांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत भेगेपलीकडे, कडेच्या बाजूला घेऊन गेली.

"दे आवाज," ती म्हणाली. "नाही तं आपण दोघंबी येथूनच खाली जाऊ. तुह्या मायले इचारून घे."

महाराजांचा चेहरा पांढरा पडला. "आईनं घेतलं! हटा रे! हटा!"

खाण रिकामी झाली. ती दोघं भेगेअलीकडे आली. आम्ही उतरून खाली पोचतो न पोचतो तोच दरड बसली. तिच्याखाली फक्त टोपल्या होत्या.

लोक हात जोडून उभे होते. सिंधूताईने पडलेल्या मुरमातून कांदा शोधून काढला आणि वर धरला.

शालूबाईचं तोंड उघडंच राहिलं. "देवीनं कांदा खाल्ला व माय?"

"हाव, भाकरीसंगं तोंडी लावाले. सकाळी मी ठेवला होता. वर भेग आहे लांबच लांब. भेग फाकली का वरचं खाली पडते, निंबू असो का कांदा. मंग दरड येते. वर चढून पाहा, मले काय इचारता."

पाच-सहा जण चढले. उरलेल्या माथ्यावर मागे दुसरी बारीक भेग सुरू झालेली त्यांनी पाहिली. ते उतरले तेव्हा महाराजांच्या पाया कोणी पडलं नाही.

महाराज खाली बसले. रेल्वेच्या खडीच्या खाणीत बारा वर्षं घालवली, हे त्यांनी आता सांगितलं. "जुने लोक भेगेत लाकडाची पाचर ठेवत," ते म्हणाले. "पाचर पडली का पळायचं. तेच मी करून राह्यलो."

"मंग पाचरच काऊन नाही ठेवली?" कोणीतरी विचारलं.

"पाचरीच्या पाया कोणी पडत नाही, बाप्पा."

मी पुढे गेलो. "बुधवारी तीन निंबं होती."

महाराज म्हणाले, "सकाळीच पहिलं पडलं. वामनराव म्हणे, उद्या साहेब काम पाहाले येऊन राह्यले, आज काम थांबू नका देऊ. मंग दुसरं ठेवलं. मंग तिसरं."

तीन वेळा भेगेने सांगितलं होतं. तीन वेळा या माणसाला कळलं होतं. एक आरोळी द्यायला किती वेळ लागतो?

वामनराव चिडून म्हणाले, "माह्यावर कायले येता? पोट तं तुमीच काढता! मी सांगतलं होतं का?"

नव्हतं सांगितलं. रोज समोर उभं राहून पाहत होते, आणि एकदाही नको म्हणाले नव्हते. दरड पायऱ्या पाडत वरून उतरवायची असते, हे त्यांना ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं. महाराजांना आणलं ते आम्ही वाचावं म्हणून नाही. आम्ही पुन्हा पोटात शिरावं म्हणून आणलं होतं.

मी लोकांकडे वळलो. मोठ्याने बोलायची मला सवय नाही, पण त्या दिवशी बोललो.

"मंजुळाले विटाळ नव्हता. दोन सालापासून नव्हता. मले ठाऊक होतं आन् मी तुमच्यासमोर नाक घासलं. तिचा काही गुन्हा नाही. ते वाकून टोपली भरत होती, बस."

शालूबाईने पदर तोंडाला लावला, पण या वेळी ती रडत होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही वरून खोदायला लागलो. काम निम्म्यावर आलं. वामनराव ओरडत राहिले. भेगेजवळ आम्ही पाळीपाळीने एक माणूस बसवला, हातात फुटकी थाळी देऊन. ती थाळी कोणीही वाजवू शकत होतं. काम संपेपर्यंत त्या खाणीत पुन्हा कोणी दबलं नाही.

महाराज निघून गेले. वामनरावांना पुढे दुसरं काम मिळालं. मंजुळाच्या मरणाचा कागद झाला, त्यावर 'अपघात' लिहिलं. मला त्या शब्दाचा राग येतो. दरड येणार हे दोन माणसांना सकाळपासून ठाऊक होतं.

तुमच्या गावात विहीर खोदत असतील, पाया खणत असतील, तलाव बांधत असतील. तिथे कोणी म्हणालं की जमीन बळी मागते, तर ऐकून घेऊ नका. जमीन काही मागत नाही. खालचं काढलं आणि वरचं ठेवलं की ते पडतं. पुण्यवानावर पडतं, पाप्यावर पडतं, उपास धरलेल्या बाईवरही पडतं. पोट काढू नका. खणलेली माती काठावर रचू नका, तिच्या वजनानं काठ सुटतो. मुकादम नाराज झाला तर होऊ द्या.

आणि खाली उतरण्याआधी एकदा स्वतः वर चढून पाहा.