हाक मारा

"आई, बाबांचं नाव काढ आता यातून," स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या स्क्रीनकडे बोट दाखवत लेक म्हणाली.

"नाव काढायचं नसतं. फिकट ठेवायचं असतं."

जन्मभर मी हेच केलं. सॉफ्टवेअरच्या मेनूंना नावं द्यायची. लोकांना वाटतं, त्यात काय एवढं! या घरगुती स्क्रीनसाठी साहेबांनी 'संपर्क व्यवस्थापन' सुचवलं होतं. मी म्हटलं, घरात कोणी कोणाशी संपर्क साधतं का हो? मग 'हाक मारा' ठेवलं. त्या मेनूत घरातल्यांच्या तोंडात बसलेली नावं. आमच्या इथे स्वयंपाकघरातल्या स्क्रीनवर 'अहो', आणि मागच्या, ह्यांच्या घड्याळ-दुरुस्तीच्या खोलीतल्या स्क्रीनवर 'अगं'. पलीकडच्या स्क्रीनपाशी कोणी उभं असलं की नाव ठळक, नसलं की फिकट. फिकट नाव पुसायचं मात्र नाही. जागा हलली की सवयीचं बोट भलतीकडेच पडतं.

"ते जाऊन वर्ष होत आलं. तू रोज त्या फिकट नावाकडे बघत बसतेस. मला काळजी वाटते गं. मीच काढते." तिने मेनू उघडला आणि थबकली.

'अहो' ठळक होतं.

"बिघाड असेल," लेक म्हणाली, पण किल्ली घेऊन तीच पुढे निघाली.

मागच्या खोलीला कुलूप तसंच होतं. आत कोणी नव्हतं. त्यांच्या खुर्चीवर धूळ, टेबलावर उघडं पडलेलं एक घड्याळ. तिथल्या स्क्रीनवर 'अगं' फिकट होतं. बरोबरच होतं ते. घरात आम्ही दोघीच, आणि दोघीही इथे.

"बघ, उगाच घाबरलो," लेक हसली. "इथलंही काढून टाकते."

तिचं बोट पोचायच्या आत 'अगं' ठळक झालं.

तिने हात मागे घेतला. स्वयंपाकघरात कोणीतरी उभं होतं.

"राहू दे नाव," ती कुजबुजली. मग माझा दंड धरून म्हणाली, "आई, हाक मारायची का?"

भीती वाटली, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. उभ्या संसारात हे कधी मला शोधत स्वयंपाकघरात आले नाहीत. जागेवरून हाक मारायचे, मी हातातलं टाकून यायची. आज आपणहून उठून आले होते, आणि मी नेमकी तिथे नव्हते.